घर बघायला बोलावतात, पण बघू देत नाहीत

पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे हिंगणे, आनंदनगर, धायरी, नऱ्हे आणि तिकडे आंबेगावपर्यंत, आम्ही गेल्या दिवाळीपासून घर शोधतोय. दोन बेडरूम, 60 लाखांच्या आसपास, सासूबाईंचे गुडघे धरलेत म्हणून लिफ्ट, आणि माझ्या मशीनला पुरेल एवढा उजेड. मी घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते, पिको-फॉल करते. आमचे हे पतसंस्थेत आहेत, मुलगा यंदा दहावीला.

भाव किती वाढलेत यावर सगळेच बोलतात, ते मी बाजूला ठेवते. मला लिहायचंय ते घर दाखवण्याच्या पद्धतीबद्दल. घर दाखवणं हीसुद्धा सेवाच आहे आणि तिचे पैसे आपणच भरतो. रिसेलमध्ये एजंट दोन टक्के सांगतो, म्हणजे 60 लाखांवर 1 लाख 20 हजार. नव्या स्कीममध्ये एजंटला बिल्डर पैसे देतो, पण ते शेवटी आपल्याच किमतीतून निघतात. एवढे पैसे घेऊन जी सेवा मिळते ती फार वाईट आहे. कुणाचंही नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी हेच बघितलं.

आधी नव्या स्कीमची साइट ऑफिसं. दारातच पहिला प्रश्न, "कुठल्या सीपीकडून आलात?" सीपी म्हणजे चॅनल पार्टनर, आपल्या भाषेत एजंट. तुम्हाला काय हवंय हे विचारण्याआधी तुमच्यावरचं कमिशन कुणाच्या खात्यात जाणार हे ठरतं. मग टॅबवर फॉर्म. नाव, फोन, नोकरी कुठे, पगार किती, बजेट किती, आणि धायरीच्या एका ऑफिसात तर 'निर्णय कोण घेणार' असा वेगळा रकाना होता. मी माझं नाव घातलं. समोरच्या मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, "सर गाडी लावून आले की दोघांना एकत्रच दाखवतो." आमचे हे पार्किंग शोधत होते तेवढा वेळ मी सोफ्यावर बसून होते आणि तो मुलगा समोर मोबाइलमध्ये. हे आल्यावरही तो सगळं त्यांच्याकडे बघूनच बोलला. कर्ज आम्ही दोघांच्या नावावर काढणार आहोत, पण घर माझ्या एकटीच्या नावावर करायचं ठरलंय, कारण महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुण्यात 7 टक्क्यांचं 6 होतं, 61 लाखांच्या घरावर 61 हजार वाचतात. ही माहिती आम्हाला कोणत्याही साइट ऑफिसने दिली नाही, ह्यांच्या पतसंस्थेतल्या एका मॅडमनी सांगितली.

फॉर्मनंतर अंधाऱ्या खोलीत फिल्म, मग काचेतलं मॉडेल, त्यात छोटी छोटी झाडं आणि निळा पोहण्याचा तलाव. हे सगळं झाल्यावर सॅम्पल फ्लॅट. आणि इथे मला खरंच राग आला.

माझ्या पर्समध्ये टेप कायम असते. सॅम्पल फ्लॅटच्या मोठ्या बेडरूममध्ये खोली ऐसपैस वाटत होती, बेडच्या तिन्ही बाजूंनी आरामात फिरता येत होतं. मी बेड मोजला. लांबी साडेपाच फूट. आपल्याकडे बाजारात जो बेड मिळतो तो सव्वासहा फुटांचा. म्हणजे आमच्या ह्यांचे पाय बाहेर आले असते. मग कपाट मोजलं, खोली 16 इंच. साधा शर्टाचा हँगर 17 इंचांचा असतो, त्यावर कपडा आला की अजून जास्त. त्या कपाटात एकही शर्ट टांगून दार लागलं नसतं. चांगलं कपाट 22-24 इंच खोल लागतं. खोल्यांना दारंच नव्हती, नुसत्या चौकटी, त्यामुळे दार उघडायला लागणारी अडीच-तीन फुटांची जागा हिशेबातच नाही. हॉल आणि बेडरूमच्या मधे भिंतीऐवजी काच. दोन भिंतींना छतापर्यंत आरसे. ब्लाउजचा मुंढा मी एक इंच कमी कापला तर गिऱ्हाईक तो माझ्या अंगावर फेकेल, आणि इथे फूट-फूट कापून वर दिवे लावून ठेवलेत.

मुलगा म्हणाला, "मॅडम, इथे मेजरमेंट अलाउड नाहीये." फोटोही नाही. का, विचारलं, तर कंपनीची पॉलिसी. साठ लाखांची वस्तू आणि माप घ्यायला बंदी! कापडाच्या दुकानात मीटरपट्टी लपवून ठेवली तर आपण तिथून कापड घेऊ का?

मग मी म्हटलं, आम्हाला जो देणार तो फ्लॅट दाखवा. चौथा मजला, स्लॅब पडलेला दिसत होता, भिंती झालेल्या होत्या. तर सेफ्टी म्हणून वर नेता येत नाही. त्याऐवजी शेजारच्या तयार विंगच्या गच्चीवर नेलं आणि तिथून टेकडी दाखवली, "हा तुमचा व्ह्यू." गच्चीचा व्ह्यू चौथ्या मजल्याचा कसा असेल? घरी येऊन जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, प्रत्येक जाहिरातीत तो सक्तीचा केलाय, आणि ही फार उपयोगाची गोष्ट आहे, घर शोधणाऱ्या प्रत्येकाने वापरावी. प्रकल्पाचे मंजूर नकाशे, किती फ्लॅट बुक झालेत, कोर्टात काही चालू आहे का, सगळं तिथे सापडतं. त्या नकाशात आमच्या बाल्कनीसमोर अजून एक विंग येणार होती. टेकडी त्या विंगेच्या मागे गेली असती. ऑफिसातल्या मॉडेलमध्ये त्या जागी बाग होती.

भावाचंही तसंच. तोंडी सांगितला 6,200 रुपये फूट. कशावर? 985 फूट 'सेलेबल'वर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या आकड्यावर. महारेराच्या कागदावर कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, 61.3 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 660 फूट. तेच 61 लाख 660 ने भागले की कार्पेटचा भाव साधारण 9,250 पडतो. कायद्याने फ्लॅट कार्पेटवरच विकायचा असतो. कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत, म्हणून टेपने मोजलं की आकडा थोडा कमीच येतो, ते मला मान्य आहे. पण 985 आणि 660 मधला फरक भिंतीच्या जाडीचा नाही.

शेवटी टोकन. "आजच 51 हजारांचा चेक द्या, उद्यापासून फुटामागे 100 रुपये वाढतायत." त्याच वेळी बाजूच्या टेबलावर एकजण फोनवर मोठ्याने तोच फ्लॅट कुणाला तरी देऊन टाकत होता. पुढे म्हणाला, महिन्याभरात 20 टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू. मी सांगितलं की नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, रेराच्या कायद्यातलं 13 वं कलम आहे. त्यावर उत्तर, "सगळे देतात मॅडम." करारनाम्याचा मसुदा मागितला तर टोकननंतर मिळेल म्हणाला. वाचायला मिळणार नाही अशा कागदासाठी मी 51 हजार देणार नव्हते, आम्ही उठलो. त्यानंतर आठवडाभर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन. मशीनवर बसलं की फोन, कुकर लावला की फोन.

रिसेलमध्ये वेगळा त्रास. ॲपवर फोटो एका घराचे, दाखवतात दुसरंच. पांढऱ्या ओट्याचा, पूर्वेच्या खिडकीचा फ्लॅट बघून निघायचं आणि तिथे पोचल्यावर ऐकायचं, "तो कालच गेला ताई, पण त्याच्यापेक्षा भारी दाखवतो." पंधरा दिवसांनी तो गेलेला फ्लॅट त्याच फोटोंसह ॲपवर होताच. सोसायटीच्या ट्रान्स्फरचे लाखभर लागतील असंही एका एजंटने सांगितलं. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार, हा सरकारी आदेश 2001 पासून आहे. वरचे पैसे कोण आणि कशाबद्दल घेणार होतं, हे त्याने सांगितलं नाही.

आणि आडनाव. नऱ्ह्यातल्या एका एजंटने जिना चढता चढता विचारलं, "आडनावावरून कळत नाही, तुम्ही कोण? नाही म्हणजे मालकांना विचारावं लागतं. आणि व्हेज ना?" आमचे हे गप्प बसले, मी बसले नाही. मी विचारलं की हा प्रश्न मालकांचा आहे की तुमचा. म्हणाला, सोसायटीत सगळे 'चांगले लोक' आहेत. आमच्या घरात बुधवारी सुकट होते आणि रविवारी मटण. आम्ही हप्ता वेळेवर भरतो, जिन्यात चपला पसरत नाही, रात्री दहानंतर मशीन चालवत नाही. चांगलं असण्याचं मोजमाप ते असावं. तो फ्लॅट न बघताच आम्ही खाली उतरलो.

पाण्याबद्दल विचारलं की सगळ्यांचीच बोलती बंद होते. धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, नऱ्हे 2021 मध्ये, पण नळाचं पाणी त्या मानाने पोचलेलं नाही, पुष्कळ सोसायट्या टँकरवर आहेत. जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हाच भाग गाजत होता, पाण्याचे नमुने तपासायला पथकं फिरत होती. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा तेव्हा दवाखान्यात होता. त्यामुळे मी प्रत्येक घरात जाऊन आधी नळ सोडते. आणि नेमकं आम्ही जातो त्याच दिवशी टाकी धुवायला काढलेली असते. टँकरचं बिल महिन्याला किती, ते मेंटेनन्समध्ये धरलंय की वेगळं, हा साधा प्रश्न आहे, पण आकडा सांगणारा एजंट मला भेटला नाही. दुपारी सगळे दिवे लावलेले, खिडक्या बंद, ताज्या रंगाचा वास आणि एका भिंतीला टेकवलेलं मोठं कपाट, असं दिसलं की मी त्या कपाटाच्या मागे हात घालून बघते. एकदा भिंत ओली लागली. एजंट म्हणाला, कालच रंग दिलाय ना ताई. रंग सगळ्या घराला दिला होता, ओली ती एकच भिंत होती.

पण या सगळ्यात जे मनाला लागलं ते आंबेगावचं घर. मालक परदेशात, घरात भाडेकरू. एजंटने बेल वाजवली, दार उघडणाऱ्या बाईंना नमस्कारही न करता तो आत शिरला आणि आम्हाला म्हणाला, "या, या, बघून घ्या." त्या बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यांना काही सांगितलेलं नाही. "कोण आपण?" त्यांनी विचारलं. एजंट म्हणाला, पार्टी आलीये, फ्लॅट विकायचाय. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विकायचाय? आम्हाला तुमच्याकडूनच कळतंय."

तोवर तो बेडरूमच्या दारापर्यंत पोचला होता. दार बंद होतं. त्याने ना टकटक केलं ना हाक मारली, कडी दाबून दार ढकललं. आत त्यांची लेक होती, बाळंतीण. खोलीत अंधार केलेला, शेकाचा ओव्याचा वास, बाळ पदराखाली. ती दचकली, बाळ रडायला लागलं. आमचे हे तिथल्या तिथे पाठ फिरवून जिन्यात गेले. मी दार ओढून घेतलं. एजंट माझ्याकडे बघून म्हणतो कसा, "अहो ताई, बेडरूम तर बघायलाच पाहिजे ना. अकरा बाय दहाची आहे."

त्या आईने काही आरडाओरडा केला नाही. "दादा, फोन तरी करायचा," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याशी बोलायला लागले. करार मार्चपर्यंत होता, लेक लातूरहून माहेरपणाला आली होती, डॉक्टर जवळ म्हणून इथेच बाळंत झाली. त्या सांगत होत्या की वरच्या बाथरूममधून स्वयंपाकघरात गळतं, मालकांना दोनदा कळवलंय, तेवढ्यात एजंट मधे पडला, "ते किरकोळ आहे, होऊन जाईल, चला गच्ची दाखवतो." मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा मधे पडला. त्या घराची सगळ्यात जास्त माहिती त्या बाईंना होती. पाणी किती वाजता येतं, पावसात कुठली खिडकी झिरपते, खालच्या दुकानाचा जनरेटर कधी लागतो, सगळं. आणि त्यांनाच बोलू द्यायचं नव्हतं.

घर हवेशीर होतं, भावही बसत होता. घरी आल्यावर हे म्हणाले, "आपण घेतलं तर मार्चमध्ये ह्यांना बाहेर काढणारे आपणच." करार संपल्यावर जावंच लागतं, मालकाला विकायचा हक्क आहे, हे सगळं आम्हाला कळतं. पण ज्यांच्या घरात लेकीचं बाळंतपण चाललंय त्यांना चार दिवस आधी कळवायला काय लागतं? आम्ही त्या एजंटला नकार कळवला आणि त्याचा नंबर बंद करून टाकला. महारेराने एजंटांना नोंदणी सक्तीची केलीय, आता परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. त्या अभ्यासात भाडेकरूच्या दारावर टकटक करण्याचा एक धडा घालावा असं मला मनापासून वाटतं.

चांगलं दाखवणारेही भेटले, ते लिहिलंच पाहिजे. आनंदनगरला एक निवृत्त जोडपं आहे, मुलीजवळ नाशिकला जाणारेत. मधे एजंट नाही, सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावली होती. काकांनी दारातच सांगितलं, "सावकाश बघा, मोजायचं असेल तर मोजा." मी मोजलं. काकूंनी स्वतः पलंग ओढून पश्चिमेच्या भिंतीवरची ओल दाखवली, दर पावसाळ्यात इथे येते, बाहेरून प्लास्टर करायला हवंय म्हणाल्या. स्वयंपाकघर उन्हाळ्यात दुपारी तापतं, हेही त्यांनीच सांगितलं. फाइल टेबलावर तयार होती, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, गेल्या दोन वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या. ट्रान्स्फरचे 25 हजार, त्यावर एक रुपया नाही, हे विचारायच्या आधी सांगितलं.

मी नदीबद्दल विचारलं. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा जवळच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, ते कोण विसरेल? काका चपला घालून आमच्याबरोबर खाली आले, नदीच्या बाजूला चालत गेले आणि पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. त्यांच्या सोसायटीच्या गेटपर्यंत ते पोचलं नव्हतं, तरी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, वॉचमनला विचारा, तो त्या रात्री इथेच होता." वॉचमननेही तेच सांगितलं. निघताना म्हणाले, रविवारी सकाळी सगळं छानच वाटतं, सोमवारी संध्याकाळी सातला या, मुख्य रस्त्यावरून इथे यायला किती वेळ लागतो ते बघा. आम्ही गेलो. वेळ लागतो, पण तो आता आम्हाला माहीत आहे.

त्यांनी 58 सांगितलेत. ओलीच्या कामाचे पैसे कमी करण्याबद्दल बोलणं चालू आहे, बँकेचा व्हॅल्युअर येऊन जायचाय. हॉलच्या खिडकीशी माझं मशीन बसतं, कटिंगचं टेबल मात्र घडीचं घ्यावं लागेल.

या भागातले एजंट किंवा साइट ऑफिसवाले हे वाचत असतील तर त्यांना माझं सांगणं आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये खऱ्या मापाचा बेड ठेवा आणि दारं बसवा. जो फ्लॅट विकताय तो दाखवा, हेल्मेट घालून दाखवा, आम्ही चढू. भाव कार्पेटवर सांगा. पाण्याचं बिल हातात द्या. बाईने फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं असेल तर तिच्याशी बोला. भाडेकरूंना आदल्या दिवशी फोन करा आणि बंद दारावर टकटक करा. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

आणि धायरी-नऱ्ह्याकडे असं नीट दाखवणारा एजंट कुणाला भेटला असेल तर जरूर कळवा. माझ्या धाकट्या बहिणीला पुढच्या वर्षी तिकडेच घ्यायचंय, आणि तिच्या घरात सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, तिला दहा घरं पालथी घालणं जमणार नाही.